दुखतं बोंडीला, चुकतं तोंडाशी

‘ताई, बोंड्यांना आतापासून काही लावून ठेवू का? माझ्या बहिणीला तर चिरा पडून रक्त आलं होतं.’

सातवा-आठवा महिना लागलेली पहिलटकरीण हा प्रश्न आशाताईला विचारते. डॉक्टरांसमोर तो निघत नाही. तिथे रक्त किती, वजन किती, सोनोग्राफी कधी, एवढ्यातच नंबर संपतो. घरी विचारला तर उत्तरं तयार असतात. आजी म्हणते, तेल लावून रोज ओढ. मोठी जाऊ म्हणते, अंघोळीच्या वेळी टॉवेलने घास, कातडी निबर होईल. आई म्हणते, आम्ही काहीच केलं नव्हतं, सगळं आपोआप झालं. तिघींत आईचं उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. बोंडीला काही करायचं नसतं, हे खरं. ‘आपोआप होतं’ हे मात्र खरं नाही. अंगावर पाजणं आईला शिकावं लागतं, अंगावर पिणं बाळाला शिकावं लागतं, आणि बोंडी दुखते ती बहुतेक वेळा त्या शिकण्यात काहीतरी राहून गेलेलं असतं म्हणून.

१. कातडी निबर करता येते का?

बोंडीभोवतीच्या काळसर भागावर बारीक उंचवटे असतात. गरोदरपणात ते ठळक होतात आणि पुरळ आलं की काय म्हणून बाया घाबरतात. पुरळ नव्हे ते. आयर्लंडचे डॉक्टर विल्यम माँटगोमेरी यांनी १८३७ साली त्यांचं तपशीलवार वर्णन केलं, म्हणून त्यांना माँटगोमेरी ग्रंथी म्हणतात. त्यांतून तेलकट स्राव पाझरतो आणि कातडी मऊ राहते. साबण लावला की हा थर धुऊन जातो, टॉवेलने घासलं की कातडी सोलवटते. जाऊबाईंचा सल्ला ऐकला तर बाळ यायच्या आधीच ओरखडे तयार.

त्या स्रावाचं आणखी एक काम आहे. १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधासा प्रयोग छापून आला. आईचा एक स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला, आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दोन्हींच्या मध्ये पालथं ठेवलं. ३० बाळांपैकी २२ बाळं न धुतलेल्या बाजूला गेली. डोळ्यांना धड दिसत नसलेलं बाळ वासावर वाट काढतं, आणि आपण पाजण्याआधी डेटॉलच्या बोळ्याने तो वासच पुसून टाकतो.

आजीच्या ओढण्याबद्दल जरा कडक बोलायला हवं. बोंडी चोळली किंवा ओढली की शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. बाळंतपणानंतर पान्हा फोडणारं हेच, आणि कळा आणणारंही हेच. आधी कमी दिवसांचं बाळंतपण झालेल्या किंवा तसा धोका सांगितलेल्या बाईने हा उद्योग मुळीच करू नये. इतरांनाही त्याचा फायदा नाही.

मग गरोदरपणात करायचं काय? रोजच्या अंघोळीचं साधं पाणी पुरे. छाती वाढते तसं ब्राचं माप बदलावं आणि ती सुती असावी. एकदा तपासणीच्या वेळी नर्सबाईंना स्तन दाखवावेत, म्हणजे बोंडी आत वळलेली आहे का ते आधी कळेल. बोंडीसाठी एवढंच. खरी तयारी आहे ती पुढच्या दोन भागांत सांगितलेली गोष्ट समजून घेण्याची, आणि ती एकट्या आईने समजून भागत नाही. सासू, आई आणि नवरा यांनीही हे वाचावं.

२. बाळ बोंडी पीत नाही

जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला लावा आणि हळूहळू मागे न्या. आधी टाळू हाडासारखी कडक लागते, पुढे एका जागी एकदम मऊ होते. आता स्वच्छ धुतलेलं बोट पहिल्या पेरापर्यंतच तोंडात घालून जोराने चोखा. बोटाचं टोक जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये दाबलं जातं. तेच बोट आणखी आत घेऊन चोखा. टोकावरचा दाब कमी होतो.

या अध्यायातलं सगळं शास्त्र एवढ्या करामतीत आलं. बाळाने नुसती बोंडी तोंडात घेतली तर तिचं टोक कडक टाळूवर घासतं. दिवसातून आठ ते बारा वेळा पाजायचं आणि दर वेळी हेच घासणं. दोन दिवसांत चीर पडणारच. बाळाने बोंडीसोबत भोवतीचा काळा भागही भरपूर तोंडात घेतला, तर बोंडी आत मऊ टाळूच्या जवळ जाऊन सुरक्षित राहते आणि बाळाची जीभ खालून स्तनावर काम करते.

दूधही असंच मिळतं. ते बोंडीत साठलेलं नसतं. स्तनातल्या नळ्यांतून येतं. नुसती बोंडी चोखणाऱ्या बाळाला ते पुरेसं ओढता येत नाही. मग बाळ चिडतं, पुन्हा पुन्हा मागतं, अर्धा-पाऊण तास सोडत नाही. म्हणजे आईची वेदना आणि बाळाची उपासमार यांचं कारण एकच. ‘दूध कमी आहे, वरचं सुरू करा’ असं घरात कोणी म्हणालं, तर डबा आणायच्या आधी बाळाचं तोंड पाहावं.

३. घास

जाड भाकरीवर झुणका आणि ठेचा घालून खाताना आपण काय करतो? तोंड मोठं उघडतो, भाकर खालच्या ओठाशी टेकवतो आणि मग वरचा ओठ मिटतो. बाळालाही तसाच घास द्यायचा: हनुवटी आधी, वरचा ओठ नंतर.

आधी आईने नीट बसावं. आपल्याकडे बाळंतीण बाजेवर बसते आणि बाज मध्ये झोळीसारखी खचलेली असते. पाठ वाकते, आई बाळावर ओणवी होते, स्तन वरून बाळाच्या तोंडात लोंबतो. अशा बसण्यात चांगला घास मिळणं अवघड. भिंतीला टेकून खाली बसावं, पाठीमागे गोधडीची घडी, मांडीवर उशी. आईने वाकून स्तन बाळाकडे न्यायचा नाही, बाळाला उचलून स्तनाकडे आणायचं.

डाव्या बाजूने पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर घ्यावं. तळहात बाळाच्या खांद्यांमागे, अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे. डोकं मागून ढकलायचं नाही. ढकललं की बाळ उलटं मागे रेटतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. मान वळवून पिणारं बाळ बोंडीही वळवतं. डाव्या हाताने स्तनाला खालून आधार द्यावा, बोटं काळ्या भागापासून लांब. दोन बोटांच्या कात्रीत बोंडी धरून देण्याची सवय घरोघर दिसते. त्यात बोटंच बाळाच्या घासाची जागा अडवतात.

बाळाचं नाक बोंडीसमोर आणावं आणि बोंडीने त्याच्या वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करावा. मग थांबावं. हे थांबणं सगळ्यांत कठीण, कारण बाळ रडत असतं आणि घरातल्या तिघीजणी ‘दे लवकर’ म्हणत असतात. बाळ जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ करतं, त्या क्षणी त्याला झटकन जवळ घ्यावं. खालचा ओठ बोंडीपासून दूर, काळ्या भागाच्या खालच्या कडेला टेकला पाहिजे.

जमलं की नाही, हे पाहून कळतं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनात रुतलेली, आणि काळा भाग बाळाच्या ओठाखाली कमी, वर जास्त दिसतो. सुरुवातीचं भराभर चोखणं थांबून संथ, खोल घोट आणि मध्ये थोडी विश्रांती अशी लय लागते. गिळण्याचा आवाज येतो. ‘चक चक’ असा आवाज येत असेल आणि गालांना खळगे पडत असतील, तर घास वरवरचा आहे.

तसं असेल तर बाळाला ओढून काढू नये. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवावी, पकड सुटते. मग पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून दहा वेळा करावं लागलं तरी चालेल. आणि बाळाला श्वास घ्यायला जागा हवी म्हणून त्याच्या नाकाशी स्तन बोटाने दाबण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती सोडावी. दाबलं की बोंडी तोंडातून पुढे खेचली जाते. बाळाचं नाक दबतंय असं वाटलं तर त्याचे कुल्ले आपल्याकडे ओढावेत. डोकं थोडं मागे झुकतं आणि नाक मोकळं होतं.

मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात हीच पकड दाखवणारे व्हिडिओ मराठीतही केले आहेत. फोन घरोघर आहे; सातव्या महिन्यात सासूसोबत बसून ते एकदा पाहावेत. हे वाचून जेवढं कळेल त्यापेक्षा पाहून जास्त कळतं, हे मान्य करायला मला अडचण नाही.

४. पहिला तास आणि तिसरा दिवस

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र जेमतेम निम्मीच. बाळ दवाखान्यात जन्मतं, आणि तरी पहिला तास पुसणं, गुंडाळणं, नातेवाइकांना दाखवणं आणि मधाचं बोट चाटवणं यांत जातो.

त्या तासाचा बोंडीशी काय संबंध? बाळ तेव्हा चांगलं जागं असतं आणि स्तन अजून मऊ असतो. आईच्या उघड्या पोटावर ठेवलेलं बाळ सरपटत स्तनापर्यंत जातं आणि स्वतःच मोठा ‘आ’ करून धरतं. युनिसेफ आणि स्तनपानाचा प्रसार करणाऱ्या बीपीएनआय संस्थेची महाराष्ट्र शाखा यांनी २००७ मध्ये याची एक फिल्म काढली. ही बीपीएनआय आपल्या नागपूर जिल्ह्याच्या शेजारचीच. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात तिची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी डब्याचं दूध आणि बाटल्या यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा देशात झाला. मधाचं बोट, साखरपाणी, बाटली यांत जंतूंची भीती तर आहेच. शिवाय बाटलीच्या बुचाला मोठा ‘आ’ लागत नाही. बारीक तोंडाने ओढण्याची सवय बाळ स्तनावर घेऊन येतं, आणि ती आईला भोवते.

पहिले दोन दिवस चीक येतो, एका वेळी जेमतेम चमचाभर. तो बाळाला पुरतो. मग तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध उतरतं आणि एकदम छाती दाटते, दगडासारखी. काळा भाग ताणून सपाट होतो, बाळाची पकड घसरून बोंडीवर येते. पहिल्या आठवड्यातली वेदना याच सुमारास सर्वांत जास्त असते. आणि नेमकी याच सुमारास बाई कुहीच्या किंवा नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी घेऊन मांढळला, वेलतूरला, नाहीतर थेट माहेरी पोचलेली असते. नर्सबाई मागे राहिल्या, दुखणं पुढे आलं.

ही फट आशाताई भरून काढते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बायांना शिकवून, नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ते काम देशभरातल्या आशांकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. तिसऱ्या दिवसाची भेट चुकवू देऊ नका. बाळंतपण माहेरी असेल तर माहेरच्या आशाताईला आधीच कळवून ठेवावं. हे काम नवऱ्याने करावं, एक फोन लागतो.

छाती दाटलीच तर पाजण्याआधी दोन्ही हातांची बोटं बोंडीच्या मुळाशी गोल ठेवून छातीकडे हलकेच, मिनिटभर दाबावीत. सूज मागे सरते, काळा भाग मऊ होतो. तरीही कडक राहिला तर हाताने थोडं दूध काढून मग बाळाला द्यावं.

५. एक हिशोब

समजा, एका बाळाचं जन्मवजन २,८०० ग्रॅम आहे. तिसऱ्या दिवशी आशाताईने वजन केलं, भरलं २,६००. आजी हादरते. खरं तर घट २०० ग्रॅमची, म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास. पहिल्या दिवसांत एवढं वजन उतरतंच. दहा टक्क्यांच्या पुढे, म्हणजे २,५२० च्या खाली गेलं असतं, तर डॉक्टरांना दाखवायला लागलं असतं.

पण आई सांगते की पाजताना डोळ्यांत पाणी येतं. आशाताई बाळ सुटल्यावर बोंडी पाहते: टोक एका बाजूने चपटं, लिपस्टिकसारखं तिरपं, मध्ये पांढरी रेघ. ही दबल्याची खूण. नुसतं हुळहुळणं असतं, पहिल्या काही घोटांपुरतं, तर ते पहिल्या आठवड्यात चालून गेलं असतं. आई बाजेवरून खाली भिंतीशी बसते, कात्री सोडते, बाळाचं पोट आपल्याकडे वळवते, ‘आ’ची वाट पाहते. तिसऱ्या खेपेला पकड बसते.

सातव्या दिवशी वजन २,६५०. इथून बाळ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढायला हवं. ३० गुणिले ७, म्हणजे २१०. चौदाव्या दिवशी २,८६० भरलं, जन्मवजनाच्या वर. शिवाय पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होतोय. दूध पुरतंय आणि वेदना गेली. दोन्ही एकदमच झालं.

६. बोंडी आत वळलेली असेल तर

काळ्या भागाच्या कडेला अंगठा आणि बोटाने हलकेच दाबून पाहावं. बोंडी बाहेर आली तर ती नुसती सपाट दिसत होती. आत गेली तर ती आत वळलेली. अशा बायांना पूर्वी गरोदरपणी व्यायाम आणि कपासारखी कवचं सांगायचे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ४६३ गरोदर बायांवर, दोन्हींचा काही फायदा दिसला नाही. म्हणून ते सोडून द्यावं. गरोदरपणात आणि पहिल्या आठवड्यात बोंडी आपणहून बरीच बदलते, आणि बाळाला स्तनाचा घास हवा असतो, बोंडी किती लांब यावर सगळं अवलंबून नसतं.

बाळ झाल्यावरही पकड बसत नसेल तर एक स्वस्त उपाय आहे. तो कर्नाटकातल्या दावणगिरीच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये मांडला. दहा मिलीची नवी सिरिंज घ्यायची, सुई बसते ते टोक कापायचं आणि दट्ट्या कापलेल्या बाजूने आत घालायचा. दुसरी गुळगुळीत बाजू बोंडीवर टेकवून दट्ट्या हळूच ओढायचा, आईला सोसेल तेवढाच, पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट. पहिल्यांदा नर्सबाईंकडून करून घ्यावं.

७. मिरचीचा हात

कुही, मांढळ, भिवापूर या पट्ट्यात मिरचीचे सातरे (मिरची पसरून निवडण्याच्या जागा) लागतात आणि देठ खुडायला बाया जातात. घरचं पोट चालवायला काही जणी बाळंतपणानंतर लवकरच परत जातात, काहींच्या घरी ओसरीवरच मिरची पसरलेली असते. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे असतो, आणि ते पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसत्या पाण्याने हात धुतला तरी तासाभराने डोळ्याला लागला की आग होतेच. तोच हात चिरलेल्या बोंडीला आणि मग बाळाच्या तोंडाला! आधी हाताला गोडंतेल चोळावं, मग साबणाने धुवावं, नखांच्या आतूनही. बाळाला घेण्याआधी मिरचीच्या धुळीने माखलेलं लुगडं किंवा गाऊन बदलावा. पुस्तकांत हे लिहिलेलं नसतं; इथे लिहायलाच हवं.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हाही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पाणी आईने प्यावं. घामाने आणि दुधाने ओला झालेला कपडा छातीला चिकटून राहू देऊ नये, आणि प्लास्टिकचं अस्तर असलेले पॅड टाळावेत.

८. चिरा पडल्याच तर

पहिलं काम पकड सुधारण्याचं. ते न करता लावलेलं मलम वाया जातं. पाजून झाल्यावर शेवटच्या दुधाचे दोन थेंब बोंडीवर चोळून हवेत सुकू द्यावेत. २०१४ मध्ये या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात असं दिसलं की काहीही न लावणं किंवा आईचं दूध लावणं हे महागड्या मलमांइतकंच किंवा त्यांहून बरं ठरतं, आणि काहीही लावलं तरी बहुतेकींची वेदना सात ते दहा दिवसांत सौम्य होते. घरचं तूप विषारी नाही, पण त्याने बाळाची पकड निसटते. हळद, स्पिरिट, पावडर नको. कमी दुखणाऱ्या बाजूने आधी पाजावं. बाळ तेव्हा जास्त जोर लावतं.

पकड बरोबर असूनही दुखत राहिलं तर दुसरी कारणं शोधावी लागतात. बाळाच्या जिभेवर, गालांत पुसून न निघणारे पांढरे डाग असतील आणि आईच्या बोंडीत पाजून झाल्यावरही आग होत असेल, तर ती बुरशी. औषध आई आणि बाळ दोघांना लागतं. बाळाची जीभ खालच्या बाजूला आखूड पडद्याने बांधलेली असेल तर ती पुढे येत नाही, छोट्या शस्त्रक्रियेने मोकळी करता येते. छातीचा एक भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी कुहीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नागपूरला डागा रुग्णालयात जावं. तेव्हाही पाजणं बंद करायचं नाही. दूध अडलं की गाठीत पू होण्याची भीती वाढते.

बोंडी इतकी चिरली की पाजवतच नाही, असं झालं तर एक-दोन दिवस त्या बाजूचं दूध दर दोन-तीन तासांनी हाताने काढावं, उकळून घेतलेल्या वाटीत, आणि वाटी-चमच्याने द्यावं. बाटली नको. काढलेलं दूध साधारण खोलीत चार तास टिकतं असं सांगतात, पण तो हिशोब पंचवीस अंशांचा आहे. एप्रिल-मे महिन्यात कुहीत काढलेलं दूध लगेच पाजावं किंवा फ्रीजमध्ये ठेवावं.